डॉ. रखमाबाई यांचे अल्पचरित्र

ह्या महोत्सवानिमित्त आमच्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या चाळण्याचा प्रसंग आम्हांस आला. प्रत्येक नोंदीत बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे आणि जन्मस्थान असे रकाने असतात. जुन्या पानांवर जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा गावाचे नाव व 'घरी' एवढेच लिहिलेले आढळते. पुढे पुढे 'डफरीन' हा शब्द येऊ लागतो, आणि अकोल्याकडून आमच्याकडे राहावयास आलेल्या कुटुंबांच्या नोंदींत 'लेडी हार्डिंग' असे दिसते. काही पानांवर आणखी एक गोष्ट दिसली व ती वाचून आम्ही वही काही वेळ मिटून ठेवली. एखाद्या बालकाच्या स्नानसंस्कारानंतर आठदहा दिवसांच्या आतच अंत्यविधीच्या वहीत त्याच्या आईचे नाव सापडते. तिचे वय एकोणीस, वीस, बावीस असे असते. कारणाच्या जागी एकच शब्द : बाळंतपण.

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास आजही लोक डफरीनच म्हणतात, आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयास लेडी हार्डिंग. ही दोन्ही नावे हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयांच्या पत्नींची होत. लेडी डफरीन १८८४ साली पतीसह ह्या देशात आल्या आणि पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, हिंदी स्त्रियांस वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी एक निधी उभारला. त्यामागे एक कथा सांगतात. पन्ना संस्थानच्या आजारी राणीने आपल्या इंग्रज डॉक्टरीणबाईंच्या हाती व्हिक्टोरिया राणीस निरोप धाडला होता. तो त्या बाईंना स्वतःच्या हाताने लहान अक्षरांत लिहावयास लावून लॉकेटमध्ये बंद करून दिला होता, आणि त्यात येथील स्त्रिया दुखण्यात कशा तळमळतात हे कळविले होते. निधी उभा राहिला, इस्पितळे बांधली गेली, दारांवर थोर बायकांची नावे लागली. परंतु आत रात्री-अपरात्री कोण उभे राहिले, पडद्यातील बायकांची भीती कोणी घालविली, सुईणींस हात धुण्याची सवय कोणी लावली, ह्याविषयी लोकांस फारच थोडे ठाऊक आहे. म्हणून अशा इस्पितळांची धुरा पस्तीस वर्षे वाहिलेल्या एका मराठी बाईचे चरित्र ह्या अंकात द्यावे असे आम्ही ठरविले.

वाचकांपैकी काहींस शंका येईल की रखमाबाई ना वऱ्हाडच्या, ना आपल्या धर्माच्या. मग धर्मग्रामाच्या स्मरणिकेत त्यांस स्थान कशासाठी? त्या जन्माने हिंदू होत्या आणि हिंदू म्हणूनच निवर्तल्या. त्यांस आमच्या यादीत ओढण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु त्यांच्या आयुष्याचा आपल्या ख्रिस्तसभेशी दोन ठिकाणी संबंध येतो, आणि त्यांतील एका ठिकाणी तो आपल्याला फारसा भूषणावह नाही. तो पुढे ओघाने येईल.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. मूल अडीच वर्षांचे होते न होते तोच वडील वारले. जयंतीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन ह्या विधुर गृहस्थांशी लग्न केले. जनार्दनपंतांची मिळकत मुलीच्या नावे झाली. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील भांडणात ती सारखी डोके वर काढते.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्यकवेत्ते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. सावत्र बाप म्हटला की आपल्या मनात जे चित्र उभे राहते त्याच्याशी त्यांचे काहीच साम्य नव्हते. त्यांनी मुलीस विद्येची गोडी लावली. तरीही काळाच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या, सखाराम अर्जुनांच्या नात्यातील, एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. जावयाने सासुरवाडीस राहून शिकावे व मार्गी लागावे असा बेत होता. दादाजींचे शिक्षणात मन रमेना. ते मामाकडे राहावयास गेले. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरच्या घरी वाचीत बसल्या. शाळा सुटली होती, परंतु वाचन सुटले नाही. वर्षामागून वर्षे गेली आणि मुलगी एकोणीस वर्षांची झाली.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून पत्नीस नांदावयास पाठविण्याची मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला. तेव्हा त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. ह्या दाव्याची हकीकत अनेक पुस्तकांत आली असल्यामुळे ती आम्ही थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी ह्यांनी दावा फेटाळला. नवराबायको कधी एकत्र नांदलेलीच नसता, अजाण वयात लावलेल्या लग्नाच्या जोरावर एका प्रौढ स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या हवाली करावे, असा आधार त्यांस कायद्यात दिसला नाही. त्यावर अपील होऊन १८८६ मध्ये तो निकाल फिरला व खटला पुन्हा खाली आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम केला की बाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. मधल्या काळात, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले होते. म्हणजे सर्वांत कठीण काळात पाठीशी उभा असलेला मोठा आधारच गेला होता. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रात एका हिंदू स्त्रीच्या सहीने बालविवाह व विधवांची स्थिती ह्यांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्या ह्याच.

मुंबईत आणि पुण्यात त्या वेळी जी खळबळ उडाली तिची आज कल्पना येणे कठीण. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंवर कठोर टीका केली. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या घरात हात घालू नये हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्या काळच्या राजकारणात त्याला वजन होते हे आम्ही नाकारीत नाही. बेहरामजी मलबारी बाईंच्या बाजूस उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या प्रकरणास स्थान दिले.

आता जो मुद्दा सांगावयाचा तो आम्हां धर्मगुरूंनीच सांगावा हे बरे. पत्नीस कोर्टाच्या जोरावर नांदावयास आणण्याचा हा जो दावा, तो हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून, म्हणजे ख्रिस्ती विवाहविषयक कायद्यातून, येथे आला होता. त्यात गंमत अशी की खुद्द इंग्लंडने १८८४ साली, म्हणजे दादाजींनी पत्र धाडले त्याच वर्षी, असा हुकूम न मानणाऱ्यास कैदेत टाकण्याची शिक्षा रद्द केली. हिंदुस्थानात मात्र ती १९२३ पर्यंत पुस्तकात राहिली. दुसरी गोष्ट. वधूवरांची मोकळी संमती हाच विवाहाचा प्राण आहे, संमतीवाचून विवाह होतच नाही, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शतकानुशतके शिकवण आहे, आणि विवाहसंस्कारापूर्वी प्रत्येक धर्मगुरू वधूवरांस वेगवेगळे बसवून ह्याची खात्री करून घेतो. असे असता आपल्याच धर्मविधीत मुलीच्या विवाहाचे किमान वय किती होते? बारा. ते चौदा करण्यात आले १९१७ च्या धर्मविधिसंहितेने. म्हणजे १८८७ साली ज्या ख्रिस्ती गृहस्थांनी हिंदू बालविवाहास नाके मुरडली, त्यांपैकी आमच्या पंथीयांनी आधी आपली संहिता उघडून पाहावयास हवी होती. सेमिनरीत हा विषय शिकताना आम्ही ही कलमे पाठ केली, परीक्षेत लिहिली, आणि त्यांचा रखमाबाईंसारख्या एखाद्या जिवंत मुलीशी काही संबंध आहे हे आमच्या ध्यानात आले नाही.

खटल्याचा शेवट कसा झाला ह्याविषयी एक चुकीची समजूत फार पसरली आहे. व्हिक्टोरिया राणीने स्वतः हे लग्न रद्द केले असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. वस्तुतः जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि भांडण मिटले. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी केले नाही. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, सरकारने संमतिवयाचा कायदा करून मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. त्याआधी कलकत्त्यात फूलमणी नावाच्या बालवधूचा जो करुण अंत झाला तो त्याचे जवळचे निमित्त होय. परंतु त्या कायद्याची वाट रखमाबाईंच्या खटल्याने मोकळी करून ठेविली होती.

बहुतेक लेखक येथे थांबतात. चार वर्षांचा खटला सविस्तर सांगावयाचा आणि पुढे बाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या असे एका ओळीत उरकावयाचे, असा परिपाठ पडला आहे. आमच्या मते बाईंच्या खऱ्या कार्याचा आरंभच येथून होतो.

मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी बांधलेले कामा इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले होते. तेथील प्रमुख डॉक्टर एडिथ पीची ह्यांनी रखमाबाईंस वैद्यकीच्या अभ्यासाचा रस्ता दाखविला व मदत मिळवून दिली. आमच्या वाचकांस आनंदीबाई जोशी ठाऊक आहेतच. त्या १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही झाली, परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये, एकविसाव्या वर्षीच, त्या कालवश झाल्या. एकाही रुग्णास तेथे त्यांचा हात लागला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर आठवड्याभरातच फॅरनसाहेबांचा निकाल लागला हा योगायोग चमत्कारिक वाटतो. महाराष्ट्राने एक डॉक्टरीण गमावली त्याच सुमारास दुसरी तुरुंगाच्या दाराशी उभी होती.

१८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या व रॉयल फ्री हॉस्पिटलात त्यांनी प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिक्षण घेतले. लंडनमध्ये त्यांस साहाय्य करणाऱ्यांत पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लॅरेन व त्यांच्या पत्नी ईव्हा हे दांपत्य होते. ह्या वॉल्टर मॅक्लॅरेन ह्यांची एक सावत्र बहीण होती, डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन. हे नाव वाचकांनी लक्षात असू द्यावे. आम्ही लवकरच त्यांच्याकडे परत येऊ. १८९४ साली रखमाबाईंचा अभ्यास पुरा झाला आणि १८९५ मध्ये त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख म्हणून सूत्रे हाती घेतली.

त्या वेळी तीस-एकतीस वर्षांच्या ह्या बाईंपुढे काय वाढून ठेवले होते? इमारत होती, औषधे होती, डॉक्टरीण होती. रुग्ण मात्र नव्हते. घरच्या बाईने इस्पितळात जाणे म्हणजे एक तर मरावयास जाणे किंवा अब्रू घालविणे अशी समजूत. आमच्या वऱ्हाडातील खेड्यांतून वृद्ध बायांच्या तोंडी ही समजूत आम्ही स्वतः अलीकडेपर्यंत ऐकली आहे, तेव्हा त्या काळच्या सुरतेस नावे ठेवण्याचे कारण नाही. सांगतात की प्रथम प्रथम कोणीच येईना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण मेंढी इस्पितळात आणवून तिची प्रसूती केली. मेंढी जगली, कोकरूही जगले, आणि ती वार्ता गावभर झाली. मग हळूहळू एकेक बाई येऊ लागली. धडधाकट परतलेली प्रत्येक बाळंतीण आपल्या आळीत इस्पितळाची हमी झाली.

स्त्री-रुग्णालयाच्या प्रमुखाचे काम म्हणजे केवळ नाडी पाहणे नव्हे. पडदानशीन बायांसाठी वेगळी वाट हवी, पुरुषांची नजर पडणार नाही अशी खोल्यांची रचना हवी. ह्या जातीची बाई त्या जातीच्या हातचे पाणी घेणार नाही, तेव्हा घरून डबा येऊ द्यावा लागे किंवा स्वयंपाकाची सोय निराळी करावी लागे. सासूस आत येऊ द्यावे तर ती आपली औषधे घेऊन येणार, न द्यावे तर सून येणार नाही. देणगीदारांचा मान राखावयाचा, सरकारास हिशेब द्यावयाचा, परिचारिका टिकवावयाच्या. कामात रात्र आणि दिवस सारखेच, कारण बाळंतपण घड्याळ पाहून येत नाही. हे सगळे पेलावयाचे ते अशा बाईने, जिचे नाव खटल्यामुळे मुंबई इलाख्यात सर्वांच्या तोंडी होते व जिच्याविषयी प्रतिष्ठित घरांत चांगले बोलले जात नव्हते. नवऱ्यास सोडलेली बाई म्हणून जिला नावे ठेवली, तिच्याच हाती लोकांनी आपल्या लेकीसुना सोपविल्या. हे एका दिवसात घडले नाही. बाई त्या एका गावात दोन तपे टिकून राहिल्या म्हणून ते घडले.

त्यांनी बरोबर आणलेली विद्या कोणती हेही सांगितले पाहिजे. बाळंतज्वर हा बाळंतिणीच्या अंगात बाहेरून, बहुधा तिला हाताळणाऱ्याच्या हातांवाटे, शिरतो हे व्हिएन्नाच्या झेमेलवाइस ह्यांनी १८४७ मध्येच दाखविले होते, परंतु त्यांचे कोणी ऐकले नव्हते. पुढे १८६७ मध्ये लिस्टर ह्यांनी जंतुनाशक उपचार प्रसिद्ध केले, आणि रखमाबाई लंडनला शिकत होत्या तोवर हात धुणे व हत्यारे निर्जंतुक करणे हा शिक्षणाचा भाग झाला होता. इकडे आपल्याकडे काय चालले होते? बाळंतिणीस अंधाऱ्या, कोंदट, सर्वांत टाकाऊ खोलीत ठेवावयाचे, अंगावर जुनी फडकी द्यावयाची, आणि हाताशी असेल त्या विळ्याने नाळ कापावयाची. त्यातून आईस ताप व मुलास धनुर्वात. जुन्या वहीतील ज्या नोंदींचा आम्ही आरंभी उल्लेख केला, त्यांपैकी कित्येक केवळ उकळलेल्या पाण्याने व साबणाने टळल्या असत्या हे आज शाळेतील मुलीही सांगतील.

सुरतेच्या त्या पहिल्या काही वर्षांतच संकटांची रांग लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला व तेथून तो इलाखाभर पसरला. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत ज्यास छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ पडला. त्याच दुष्काळाने आमचे वऱ्हाडही होरपळून काढले होते. अशा दिवसांत कितीतरी लोक शहर सोडून गेले. रखमाबाई आपल्या जागेवरच राहिल्या.

आता आपल्या ख्रिस्तसभेविषयी. रखमाबाई सुरतेस शेकडो पडदानशीन बायांची सेवा करीत होत्या तेव्हा हिंदुस्थानात आपल्या धर्मभगिनींची किती इस्पितळे व दवाखाने होते! सेवाभावात त्या कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या. परंतु व्रतस्थ स्त्रियांनी डॉक्टर म्हणून काम करू नये, प्रसूतीचे काम तर मुळीच करू नये, असा रोमचा दंडक होता. म्हणजे ज्या कामावाचून बायका मरत होत्या नेमके तेच काम आपल्या भगिनींस वर्ज्य. हे ज्यांच्या मनास फार लागले त्या डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन, म्हणजे रखमाबाईंच्या साहाय्यकर्त्याची ती बहीण. त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे १८७८ मध्ये वैद्यकीची पदवी मिळविली, आणि १८९८ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. नंतर त्यांनी रावळपिंडी येथे पडदानशीन बायांसाठी सेंट कॅथरिनचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि भगिनींवरील ही बंदी उठावी म्हणून रोमकडे पुनःपुन्हा विनंत्या केल्या. १९१३ मध्ये त्या निवर्तल्या; बंदी तशीच राहिली. त्यांच्या प्रेरणेने ॲना डेंगेल नावाची ऑस्ट्रियन तरुणी डॉक्टर होऊन रावळपिंडीस आली, आणि तिने १९२५ मध्ये वैद्यकसेवेसाठीच धर्मभगिनींचा संघ स्थापला. मेरी ग्लावरी नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० साली गुंटूर येथे आल्या व पोपमहोदयांच्या खास परवानगीने भगिनी होऊन त्यांनी वैद्यकी चालू ठेविली, आणि त्यांनीच पुढे १९४३ मध्ये कॅथलिक इस्पितळांची संघटना उभी केली. सर्वांसाठी ही बंदी उठली ती ११ फेब्रुवारी १९३६ च्या आदेशाने. रखमाबाईंनी सुरतेस पाऊल टाकल्याला तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती आणि त्या सेवानिवृत्तही होऊन बसल्या होत्या. ख्रिस्तसभेने उशीर केला, असे म्हणताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु त्या वहीतील नावे समोर असता न म्हणणे अधिक अवघड आहे.

१९०४ साली दादाजी भिकाजी वारले. सांगतात की ही बातमी कळताच रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले. ज्या विवाहास त्यांनी भर कोर्टात अमान्य केले, ज्यापायी तुरुंग पत्करण्याची तयारी केली, त्याच विवाहाचे वैधव्य त्यांनी का घेतले? कोणी म्हणतात, जगाचे तोंड बंद करण्यासाठी. कोणी म्हणतात, संस्कार सुटत नाहीत. पांढऱ्या वस्त्रातील बाईस परक्या घरांत अधिक विश्वासाने प्रवेश मिळतो, असाही एक व्यवहारी विचार त्यामागे असू शकेल. आमचे मत विचाराल तर एवढेच की कबुलीजबाब ऐकण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्यास मनुष्याच्या मनात दोन विरोधी गोष्टी एकत्र नांदताना पाहून आश्चर्य वाटेनासे होते.

१९१८ च्या सुमारास सरकारने त्यांस स्त्रियांच्या वैद्यकीय सेवाखात्यात जागा देऊ केली. १९१४ मध्ये निघालेले हे खाते मानाचे, पगार व निवृत्तिवेतन बांधलेले. बाईंनी ती जागा नाकारली आणि त्या काठेवाडातील राजकोट येथे संस्थानच्या जनाना इस्पितळाच्या प्रमुख होऊन गेल्या. वयाच्या त्रेपन्नाव्या-चौपन्नाव्या वर्षी, म्हणजे साधारण आमच्या वयास, पुन्हा नवे गाव, नवी भाषाशैली, नवी भीती, नवा विश्वास असे सगळे आरंभापासून करावयाचे. बदलीचे पत्र हाती पडले की आम्हां धर्मगुरूंची काय अवस्था होते हे धर्मग्रामस्थांस ठाऊक आहे, म्हणून ह्या गोष्टीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. राजकोटला त्यांनी रेड क्रॉसचे कार्यही सुरू केले. १९३० च्या सुमारास त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदापद्धती नाहीशी का झाली पाहिजे ह्यावर एक लेख प्रसिद्ध केला. पडद्याला सांभाळून, त्याच्या कलाने घेऊन, पस्तीस वर्षे जिने त्याच्या आतल्या बाया वाचविल्या, तिने शेवटी पडदाच नको असे सांगितले. तरुणपणी पत्रातून तावातावाने लिहिणारी बाई आणि ही बाई एकच. मध्ये अनुभव तेवढा वाढला होता. त्याच १९२९ साली सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. १९४९ मध्ये ते पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. आमच्याकडे विवाहाची नोंद करावयास येणाऱ्या मुलीचा जन्मदाखला आम्ही का मागतो, त्यावाचून एकही पाऊल पुढे का टाकीत नाही, ह्याचा राग काही पालकांस येतो. त्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा.

त्यांच्या नावाचे पुनरुज्जीवन फार उशिरा झाले. १९८२ मध्ये मोहिनी वर्दे ह्यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. पुढे १९९८ मध्ये सुधीर चंद्र ह्यांनी खटल्याचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, आणि २०१६ मध्ये अनंत महादेवन ह्यांनी त्यांच्यावर मराठी चित्रपट काढला. ज्यांच्या मुली परिचारिकेचा किंवा वैद्यकीचा अभ्यास करीत आहेत अशा आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनी चरित्रग्रंथ अवश्य मिळवून वाचावा.

१९५५ हे साल आम्हां अमरावतीकर कॅथलिकांस आपल्या धर्मप्रांताचे जन्मवर्ष म्हणून परिचित आहे. ८ मे रोजी नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला. त्याच महिन्यात हिंदू विवाहाचा नवा कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमात पतीस पत्नीवर व पत्नीस पतीवर नांदावयास येण्याचा दावा लावण्याची मुभा ठेविली आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांसाठी तीच मुभा १८६९ च्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात आहे. ज्या हत्याराने रखमाबाईंवर वार झाला होता ते, कैदेची धार गेलेली असली तरी, दोन्ही पुस्तकांत ठेवलेले आहे.

रखमाबाई तेव्हा मुंबईत होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या आजारी होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला.